तबकडी थोर कीं कान थोर?

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या घरीं एक वाद उपस्थित झाला. एकत्र कुटुंबांत वाद होणें ही कांहीं अपूर्व गोष्ट नव्हे. परंतु हा वाद भाऊबंदकीचा नसून शास्त्राचा होता, आणि त्याच्या निर्णयावर घरच्या सामाईक पेटींतील बऱ्याच मोठ्या रकमेचा व्यय अवलंबून होता. ज्या घरांत गाणें ऐकण्याची आवड आहे, त्या घरांत हा प्रश्न आज ना उद्यां निघावयाचाच. म्हणून ती हकीगत वाचकांपुढें साद्यंत मांडावी असें मनांत आलें.

आमच्या घरीं गेल्या तीस वर्षांत जमविलेल्या सुमारें अडीचशें सीडी आहेत. थोरला पुतण्या परगांवीं नोकरीस असतो. दिवाळीस येतांना त्यानें एका स्नेह्याकडून नव्या जातीचें एक वादनयंत्र आणि परदेशांतून आलेली सतारवादनाची एक तबकडी चार दिवसांच्या बोलीनें मागून आणली. ही तबकडी ‘सुपर ऑडिओ सीडी’ या जातीची होती. संध्याकाळीं सर्व मंडळी दिवाणखान्यांत जमली, यंत्र सुरू झालें, आणि तंबोऱ्याच्या पहिल्या झंकाराबरोबर माझ्या अंगावर खरोखरच रोमांच उभे राहिले. मी बोलून गेलों, “वाहवा! अशी जव्हारी या घरांत आजवर वाजली नव्हती!”

पुतण्या हर्षभरित होऊन म्हणाला, “अण्णा, मी सांगत होतों तें हेंच. आतां असें यंत्र आपण घेऊं, आणि जुन्या सीडी हळूहळू काढून टाकूं.”

यंत्राची किंमत ऐकतांच माझ्या धाकट्या बंधूंचा चेहरा उतरला. कारण त्याच पेटींतून आमच्या मातोश्रींच्या श्रवणयंत्राचा खर्च व्हावयाचा होता. मातोश्रींचें वय ८८. त्या कोपऱ्यांत वाती वळीत बसल्या होत्या. काय चाललें आहे तें सूनबाईंनीं त्यांच्या कानाशीं मोठ्यानें सांगितलें, तेव्हां त्या एवढेंच म्हणाल्या, “मला आतां काय ऐकायचें राहिलें आहे? मुलांची हौस होऊं द्या.” या उत्तरानें प्रश्न सुटण्याऐवजीं सर्वांस अधिकच जड झाला. तेव्हां भौतिकशास्त्र शिकणारी धाकटी पुतणी म्हणाली, “अण्णा, कानांनीं ठरवायचें असेल तर नांव झांकून ठरवूं या.”

परीक्षेची हकीगत सांगण्यापूर्वीं या दोन तबकड्यांतील भेद सांगितला पाहिजे. ध्वनि म्हणजे हवेंतील कंपनें. जुन्या लाखेच्या तबकडीवर या कंपनांची नागमोडी रेघच कोरलेली असे. सोनी आणि फिलिप्स या दोन कंपन्यांनीं सिद्ध केलेली आणि १९८२ सालीं बाजारांत आलेली जी सीडी, तींत अशी रेघ नसून अंक असतात. दर सेकंदास ४४,१०० वेळां लहरीची उंची मोजावयाची, आणि प्रत्येक मोजमाप ६५,५३६ पायऱ्यांपैकीं कोणत्या पायरीवर बसतें तें टिपून ठेवावयाचें, अशी ती पद्धति आहे. यालाच सोळा बिटांचें मोजमाप म्हणतात. पुढें १९९९ सालीं त्याच दोन कंपन्यांची सुपर ऑडिओ सीडी निघाली. तींत मोजमाप एकाच बिटाचें, परंतु तें सेकंदास २८,२२,४०० वेळां, म्हणजे सीडीच्या बरोबर चौसष्टपट वेळां घेतलेलें असतें. लगेच दुसऱ्या वर्षीं डीव्हीडी-ऑडिओ ही आणखी एक जात निघाली. तींत चोवीस बिटांचीं मोजमापें सेकंदास १,९२,००० वेळांपर्यंत घेण्याची सोय होती.

हे आंकडे ऐकून कोणाही विचारी मनुष्यास वाटेल कीं, जितकीं मोजमापें अधिक तितका ध्वनि अधिक खरा. विक्रेतेही एक चित्र दाखवीत असतात: सीडीची लहर जिन्यासारखी पायऱ्यापायऱ्यांची आणि नव्या तबकडीची गुळगुळीत. हें चित्र फसवें आहे. शाळेंत भूमिति शिकवितांना आम्ही सांगत असूं कीं, एका रेषेंत नसलेल्या तीन बिंदूंतून एकच वर्तुळ जातें. आकृति वर्तुळच आहे हें एकदां ठाऊक असलें म्हणजे तीन बिंदू पुरेसे होतात. चौथा बिंदु दिल्यानें वर्तुळ अधिक वाटोळें होत नाहीं. लहरींविषयींही असाच एक सिद्धान्त आहे. हॅरी नायक्विस्ट यांनीं १९२८ सालीं त्याचा पाया घातला आणि क्लॉड शॅनन यांनीं १९४९ सालीं तो स्पष्टपणें मांडला. लहरींतील सर्वांत जलद कंपनाच्या दुपटीहून अधिक वेळां मोजमाप घेतलें असेल, तर त्या मोजमापांवरून मूळ लहर जशीच्या तशी उभी करतां येते. मधल्या जागा अदमासानें भराव्या लागत नाहींत. मोजमाप जवळच्या पायरीवर बसवितांना जी किंचित् चूक राहते, ती मात्र अतिशय मंद खरखरीच्या रूपानें शिल्लक उरते.

आतां ४४,१०० चे निम्मे २२,०५० होतात. तरुण आणि निरोगी मनुष्याचा कान फार तर २०,००० कंपनांपर्यंत जातो. आपल्या तंबोऱ्याचेंच उदाहरण घ्या. काळी एक पट्टींत लावलेल्या जोडीच्या तारेचा षड्ज सेकंदास सुमारें १३९ कंपनांचा असतो. त्याच्या पांचपट, म्हणजे सुमारें ६९५ कंपनांवर, आपणांस स्वयंभू गंधार ऐकूं येतो. त्याच तारेचा तिसावा उपस्वर घेतला तरी तो ४,१७० कंपनांच्या पलीकडे जात नाहीं. म्हणजे ज्या जव्हारीनें माझ्या अंगावर रोमांच आले, तिला सीडींत मुबलक जागा आहे.

खरखरीचाही हिशेब पाहूं. सीडींतील सर्वांत मोठा आवाज आणि ही खरखर यांत सुमारें ९६ डेसिबलांचें अंतर असतें. रात्रीच्या निवांत खोलींतही सुमारें ३० डेसिबलांचा गलबला असतोच. तेव्हां सीडींतील अगदीं मंद ध्वनि खोलीच्या शांततेशीं जुळवावयाचा म्हटल्यास सर्वांत मोठा ध्वनि १२६ डेसिबलांवर जाईल. आणि १२० च्या सुमारास तर कानास वेदना होऊं लागतात. इतक्या मोठ्यानें गाणें कोण ऐकणार? मग अधिक बिटांचा उपयोग तरी काय? उपयोग आहे, पण तो मुद्रण करणाऱ्यास. शिंपी कपडा बेततांना शिवणींत माया सोडतो, म्हणून पुढें कमीजास्त करणें साधतें. त्याप्रमाणें गायकाचा आवाज मध्येंच चढला किंवा पडला तर मुद्रणकारास सांभाळून घेतां यावें, याकरितां चोवीस बिट उपयोगी पडतात. अंगांत घालणाराला त्या मायेचा विशेष लाभ नसतो.

हें झालें शास्त्र. पण माझे रोमांच तर खरे होते! म्हणून परीक्षा करण्याचें ठरलें. आणलेली तबकडी दोन थरांची होती. एका थरांत नवें मुद्रण, दुसऱ्या थरांत तेंच वादन साध्या सीडीच्या रीतीनें. यंत्रापुढें पडदा बांधला. पुतणीनें नाणें फेकावयाचें, त्याप्रमाणें एक थर लावावयाचा, आणि मीं चिठ्ठीवर ‘नवें’ किंवा ‘जुनें’ असें लिहावयाचें. अशा दहा खेपा झाल्या. चिठ्ठ्या उघडल्या तों दहांपैकीं नऊ बरोबर! नुसत्या अदमासानें नऊ किंवा दहा बरोबर येण्याचा संभव १,०२४ मध्यें अवघा ११. पुतण्यानें टाळी वाजविली आणि मीही चष्मा पुसून मोठ्या ऐटींत सर्वांकडे पाहिलें.

पण पुतणीचें समाधान झालें नाहीं. तिनें महाविद्यालयांतून आणलेलें विजेचा दाब मोजण्याचें यंत्र ध्वनिवर्धकाच्या तारांस लावलें आणि आरंभीचा नुसत्या तंबोऱ्याचा भाग दोन्ही थरांवरून वाजवून पाहिला. नव्या थराचा आवाज जुन्यापेक्षां सुमारें एक डेसिबल मोठा भरला. एवढा अल्प भेद ‘मोठा आवाज’ म्हणून ध्यानांत येत नाहीं. तो ‘अधिक स्पष्ट’, ‘अधिक जिवंत’ अशा रूपानें मनास भासतो. तिनें आवाजाच्या खुंटीपाशीं खडूच्या दोन खुणा केल्या, दोन्ही थर एका पातळीवर आणले, आणि परीक्षा पुन्हां घेतली. या वेळीं मला दहांपैकीं पांच गुण मिळाले, पुतण्यास सहा, आणि भावजयीस चार. ज्या एका खेपेस मीं ‘नवें, शंकाच नको’ असें लिहिलें होतें, ती खेप साध्या सीडीची निघाली! अकरा वर्षांचा नातू तर तिसऱ्याच खेपेस कंटाळून म्हणाला, “आजोबा, दोन्ही सारखेंच आहे कीं!”

त्या रात्रीं मला न्यायशास्त्राचे धडे आठवले. गौतमांनीं प्रत्यक्षाचें लक्षण सांगतांना तें ज्ञान केवळ इंद्रियांपासून उत्पन्न झालेलें असावें एवढ्यावर भागविलेलें नाहीं. तें अव्यपदेश्य असावें, म्हणजे त्यांत नांवाची सरमिसळ नसावी, आणि तें अव्यभिचारी असावें, म्हणजे पुढें खोटें ठरूं नये, असेंही म्हटलें आहे. ‘अव्यपदेश्य’ या पदावर टीकाकारांनीं पुष्कळ वाद घातला आहे, आणि तरुणपणीं मलाही तो शब्दच्छल वाटत असे. पडद्यापुढें बसून पांच गुण मिळविल्यावर त्याचा एक अर्थ मला नीट उमगला. पहिल्या दिवशीं माझे कान ऐकत होतेच. पण त्यांच्याबरोबर ‘नवें’, ‘परदेशी’, ‘महाग’ हीं तीन नांवेंही ऐकत होतीं.

पुतण्यानें रास्त शंका काढली. “घरगुती प्रयोगानें काय सिद्ध होतें? आपले ध्वनिवर्धक जुने. शिवाय दोन थरांचें मुद्रण मुळांत निरनिराळ्या हातांनीं सिद्ध झालेलें असूं शकतें.” ही अडचण ओळखूनच अमेरिकेंतील बोस्टन येथील ध्वनिरसिकांच्या मंडळाचे दोन सभासद, ई. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरन, यांनीं एक चतुर योजना केली होती. त्यांनीं दोन तबकड्यांची तुलना केलीच नाहीं. एकच सुपर ऑडिओ सीडी किंवा डीव्हीडी-ऑडिओ घ्यावयाची. तिचा ध्वनि एकदां सरळ ऐकवावयाचा, आणि एकदां वाटेंत सीडीच्या मापाचें, म्हणजे सोळा बिट व ४४,१०० मोजमापें यांचें, यंत्र घालून त्यांतून गाळून ऐकवावयाचा. पातळी काटेकोरपणें सारखी ठेवलेली. यंत्राच्या पलीकडे सीडीपेक्षां अधिक असें कांहीं उरणें शक्य नाहीं. तेव्हां नव्या तबकडींत कानास कळेल असें कांहीं अधिक असेल, तर तें येथें कळलेंच पाहिजे. ऐकणारे सुमारें साठ होते. त्यांत धंदेवाईक मुद्रणकार, मुद्रणविद्येचे विद्यार्थी आणि हौशी रसिक असे सर्व प्रकार होते. एकंदर ५५४ खेपा झाल्या, त्यांपैकीं २७६ बरोबर आल्या. म्हणजे शेंकडा ४९.८, नाणें फेकलें असतें तरी एवढेच आले असते. एका श्रोत्यास एकदां दहांपैकीं आठ गुण मिळाले, त्यापुढें कोणी गेलें नाहीं. आणि इतक्या मंडळींत एखाद्यास आठ गुण केवळ दैवानेंही मिळावयाचेच. भेद कळला तो एकाच ठिकाणीं: आवाज नेहमीपेक्षां फारच वाढवून संगीतांतील निःशब्द जागा ऐकली असतां सीडीच्या यंत्राची खरखर ओळखूं आली. हा वृत्तान्त ऑडिओ एंजिनिअरिंग सोसायटीच्या मुखपत्रांत सप्टेंबर २००७ मध्यें प्रसिद्ध झाला.

प्रतिपक्षाचेंही म्हणणें सांगितलें पाहिजे. बोस्टनच्या प्रयोगांतील कांहीं तबकड्यांचें मूळ मुद्रणच जुन्या पद्धतीचें होतें, तेव्हां त्यांत अधिक कांहीं नव्हतेंच, असा आक्षेप निघाला; तो अगदींच पोकळ नाहीं. पुढें २०१६ सालीं लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठांतील जोशुआ रीस यांनीं निरनिराळ्या १८ प्रयोगांतील साडेबारा हजारांहून अधिक खेपांचा एकत्र हिशेब मांडला. त्यांत बरोबर उत्तरांचें प्रमाण शेंकडा ५२.३ निघालें. हा आंकडा निम्म्याहून थोडासाच अधिक आहे. पण खेपा इतक्या असल्यामुळें तो निव्वळ योगायोग म्हणून सोडून देतां येत नाहीं. ज्यांना आधीं भरपूर सराव दिला होता त्यांचे गुण याहून स्पष्टपणें अधिक होते. तेव्हां प्रामाणिक निष्कर्ष असा कीं, कमावलेल्या कानास, अनुकूल परिस्थितींत, कधींमधीं भेदाची चाहूल लागत असावी. परंतु भेद कळणें निराळें आणि गोडी वाढणें निराळें. जो भेद सराव करूनही कष्टानें सांपडतो, त्यासाठीं संसारी माणसानें पेटी रिकामी करावी काय, एवढाच आपल्यापुढचा प्रश्न आहे.

मग अशा तबकड्या पुष्कळांस अधिक चांगल्या वाटतात, हा सगळाच भ्रम म्हणावयाचा काय? तसें नाहीं. मेयर आणि मोरन यांनीं स्वतःच नमूद केलें आहे कीं, या जातीच्या बहुतेक तबकड्या बाजारांतील नेहमींच्या सीडींपेक्षां चांगल्या वाजत होत्या. मात्र त्या सीडीच्या यंत्रांतून गाळल्यावरही तितक्याच चांगल्या वाजत होत्या. त्याचें कारण मुद्रणकाराचें कसब. या तबकड्या लक्ष देऊन ऐकणाऱ्या थोड्या ग्राहकांसाठीं निघतात, म्हणून त्यांवर काळजीपूर्वक काम होतें. उलट लोकप्रिय संगीताच्या सीडी इतरांपेक्षां मोठ्यानें वाजाव्या म्हणून त्यांतील मंद स्वर उचलून आणि उंच स्वर दाबून सर्व एकाच पातळीवर आणण्याची चाल मधल्या काळांत फार बोकाळली. मेटॅलिका या अमेरिकन वाद्यवृंदाची २००८ सालीं निघालेली ‘डेथ मॅग्नेटिक’ ही सीडी याचें कुप्रसिद्ध उदाहरण आहे. तीच गाणीं एका संगणकीय खेळासाठीं कमी दाबून दिलीं होतीं, आणि रसिकांस खेळांतलींच अधिक मोकळीं वाटलीं. दोष भांड्याचा नव्हता, स्वयंपाकाचा होता.

आज डीव्हीडी-ऑडिओ जवळजवळ नामशेष झाली आहे आणि सुपर ऑडिओ सीडी थोड्या संख्येनें निघते. पण वाद मिटलेला नाहीं. तो तबकडी सोडून तारेवर आला आहे. २०२१ सालापासून ॲपल म्युझिकवरही चोवीस बिटांचें व सेकंदास १,९२,००० मोजमापांपर्यंतचें संगीत मिळूं लागलें आहे. तेव्हां ज्यांच्या घरीं तबकडी नाहीं, त्यांनाही हे आंकडे भुरळ घालणारच. त्यांना माझी एवढीच विनंति आहे कीं, आंकड्यापेक्षां मुद्रण कोणत्या हातांनीं झालें तें पाहावें. खर्च करावयाचाच असेल तर आधीं ध्वनिवर्धकाचा आणि तो ठेवण्याच्या जागेचा विचार करावा. आणि मोठी रक्कम मोजण्यापूर्वीं दोन्ही आवाज सारखे करून, पडदा बांधून, दहा चिठ्ठ्या लिहाव्या.

आतां आमच्या घरच्या निकालाकडे वळूं. परीक्षा संपल्यावर पुतणीनें सहज म्हणून एकेरी सूर चढत्या कंपनांनीं वाजवून दाखविले. नातवास १७,००० पर्यंत ऐकूं आलें. मी ९,००० च्या पुढें नुसता तिच्या तोंडाकडे पाहत राहिलों. बावीस हजारांच्या पलीकडील स्वर हवेत म्हणून पेटी उघडूं पाहणाऱ्या या गृहस्थाची सृष्टि दहा हजारांच्या आंतच निःशब्द झाली होती! वयाबरोबर उंच कंपनें आधीं हरपतात, आणि श, ष, स या ऊष्म वर्णांची ओळख त्या वरच्या कंपनांवरच पुष्कळशी अवलंबून असते. गेलीं दोन वर्षें ‘मुलें तोंडांतल्या तोंडांत बोलतात’ म्हणून मी रागें भरत होतों. तो दोष मुलांकडे नव्हता. आणि ज्या मातोश्री ‘मला आतां काय ऐकायचें राहिलें आहे’ म्हणाल्या, त्यांना आम्ही काय काय ऐकूं दिलें नव्हतें, हा विचार मनांत येऊन मला त्या रात्रीं नीट झोंप लागली नाहीं.

पुतण्याच्या मनाचा मोठेपणा असा कीं, सकाळीं त्यानेंच यंत्र बांधून स्नेह्याकडे परत करण्यासाठीं ठेवलें आणि कानाच्या डॉक्टरांची वेळ ठरविली. मातोश्रींची आणि माझी तपासणी एकाच दिवशीं झाली. पंधरवड्यानें मातोश्रींचें श्रवणयंत्र आलें. पहिला मान सतारीचा, असें म्हणून आम्ही जुन्याच यंत्रावर जुनीच सीडी लावली आणि सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत बसलों. त्यांनीं क्षणभर डोळे मिटले, मग एकदम मान वळवून म्हणाल्या, “सतार चांगली आहे रे, पण माडीवर बाळ रडतें आहे. तुम्हां कोणाला ऐकूं येत नाहीं का?”